तळातला आवाज

वडील जवळजवळ बहिरे झाले त्याच सुमाराला मी संगीत करायला लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. ते त्यांच्या जागी, मी माझ्या जागी. एका खोलीत राहूनही माणसं अशी लांब राहू शकतात.

आम्ही सुरतेत, कोसाडच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहतो. दोघंच. माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती इथं सांगण्यासारखी नाहीत. वडिलांना मी नाना म्हणते. नानांनी सगळं आयुष्य माग चालवले. इथं मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात शिरलं की आवाज आधी छातीला लागतो, मग कानाला. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची, तेव्हा दारातच उभी राहून हात हलवायची. आत सगळे हातांनीच बोलत. धागा तुटला, सेठ आला, चहा आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. घरी आल्यावरही नाना बराच वेळ खुणांनीच पाणी मागत, जेवण मागत. मला ती गंमत वाटायची.

त्यांचे कान हळूहळू गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोनची घंटा, मग दाराची कडी. मग मी. डॉक्टरांनी तपासून एका कागदावर उतरणीची रेघ काढून दाखवली आणि हिंदीत समजावलं की बारीक आवाज सगळे गेलेत, जाड आवाज थोडेफार शिल्लक आहेत. तुम्ही त्यांच्याशी जाड आवाजात बोला. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यात शिट्ट्या वाजतात म्हणून नानांनी ते काढून ठेवलं ते ठेवलंच. तेव्हापासून मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून, पोटातून आवाज काढून, सावकाश बोलते. पुढे मला त्याची इतकी सवय झाली की ऑफिसातल्या मुली म्हणायला लागल्या, बेन, तुम्ही फोनवर अगदी भाई वाटता.

मी ऑफिसात साड्यांची एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर करते. बुट्टी, बॉर्डर, पदर. मशिनची सुई कुठं टोचायची आणि कुठून कुठं उडी मारायची, ते सगळं पडद्यावर एकेक टाका करून सांगावं लागतं. डोळे शिणतात, कान मात्र रिकामे असतात. म्हणून सगळेच कानात काही ना काही घालून बसतात. एकदा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाने मला ऐकायला दिलं ते गाणं नव्हतं. शब्द नव्हते, ताल नव्हता, सुरुवात कुठं आणि शेवट कुठं तेही कळत नव्हतं. खोलीत धूप पसरावा तसा नुसता आवाज पसरत होता. याला ॲम्बियंट म्युझिक म्हणतात, तो म्हणाला. मी ते दिवसभर लावून ठेवलं. संध्याकाळी बसमध्ये माझ्या लक्षात आलं की मी दिवसभर आमच्या डोंगरावर होते.

आमचा डोंगर म्हणजे सातपुड्याचा. तळोद्याच्या वरच्या अंगाला, पायथ्याशी आमचं गाव. मी पहिलीत जाण्याआधीच नाना मला घेऊन सुरतेला आले, त्यामुळे गाव माझ्याजवळ तुकड्या-तुकड्यांनीच आहे, आणि ते तुकडेही दिसण्यापेक्षा ऐकू येण्याचे जास्त. आत्याला आमच्यात फुई म्हणतात. फुई उतारावर एका झोपडीत राहायची आणि शेळ्या राखायची. सागाची वाळलेली पानं वाऱ्याने घसरत खाली यायची, त्यांचा खरखर आवाज. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या. कुठंतरी लांब कुऱ्हाड चालायची, आणि घाव दिसून गेल्यावर आवाज मागून यायचा. आणि या सगळ्याच्या खाली एक जाड, लांबलचक आवाज. तो एका पावसाळ्यातला. फुईने मला काही दिवस तिच्याकडे वर नेऊन ठेवलं होतं. ढग झोपडीत येत होते, समोरचं काही दिसत नव्हतं, आणि खालून दरीतून तो आवाज येत होता. चढायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मी फुईला विचारलं होतं की हे काय आहे. तिने मला मांडीवर घेतलं होतं आणि म्हणाली होती, "डोंगर गाणं म्हणी ऱ्हायना."

डोंगर गाणं म्हणतोय. मी ते धरून ठेवलं. कारखाने, टेम्पो, शाळा, भाड्याच्या खोल्या, सगळ्यातून मी ते बरोबर आणलं. आपल्याकडे दुसरं काही नसलं तरी आपला डोंगर गातो, असं मला शाळेत मनातल्या मनात वाटायचं. आई त्या पावसाळ्याच्याच वर्षी गेली होती. बाळंतपणात, तळोद्याच्या दवाखान्यात, एवढंच मला सांगितलेलं होतं. आईचा चेहरा मला आठवत नाही. तिचा फोटोही नाही.

सुरतेत दिवाळीच्या वेकेशनमध्ये खाती बंद होतात आणि अर्धं शहर आपापल्या गावी जातं. तेव्हा इथं जी शांतता पडते ती उपऱ्या माणसालाच कळते. जमिनीखालून वर्षभर चाललेली घरघर एकदम थांबते आणि पाय टेकायला जागा नाही असं वाटतं. आम्ही गावी जात नसू. नाना म्हणत, तिथं कोण आहे? फुई होती, पण नाना नाही म्हणत. अशा एका वेकेशनमध्ये मी त्या मुलाने दिलेलं सॉफ्टवेअर घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालू केलं आणि डोंगर करायला बसले.

पानांसाठी मी वर्तमानपत्राचे तुकडे फरशीवरून ओढले. घंट्यांसाठी किल्ल्यांचा जुडगा हलवला आणि तो आवाज इतका लांब नेला की किल्ल्या ओळखू येईनात. कुऱ्हाडीसाठी लाकडी पाटावर वरवंटा आपटला. तळातला तो जाड आवाज मात्र कशातूनच निघेना. ताट घासून पाहिलं, पंख्याची घरघर संथ करून पाहिली, खात्याजवळ जाऊन मागांचा आवाज आणला. ते सगळे मेलेले आवाज होते. शेवटी मी लोखंडी कपाटात डोकं घातलं, तोंड मिटलं आणि आठवेल तसं घशातून गुणगुणले. चढवलं, थांबले, पुन्हा चढवलं. ते कॉम्प्युटरवर ताणून संथ केलं आणि ऐकलं. हाच तो. मी त्या दिवशी इतकी खूश होते की नानांना आवडतात तसे कढीचे गोळे केले.

पुढची काही वर्षं मी असे बरेच तुकडे केले आणि इंटरनेटवर टाकत गेले. सगळ्यांच्या तळाशी तोच आवाज असायचा. ऐकणारे फार नव्हते, पण कुठून कुठून होते. खूप शांत वाटलं, झोप लागली, आईच्या कुशीत असल्यासारखं वाटलं, असं लिहायचे. ऑफिसच्या मालकाची सून तिच्या बाळाला ते लावून झोपवायची. तिनेच ते अडाजणच्या एका बाईंना ऐकवलं. त्या बाई गर्भसंस्काराचे वर्ग घेत. त्यांनी मला फोन करून विचारलं की हे मी माझ्या वर्गातल्या मुलींना ऐकवू का? त्यांना म्हणे तळातला आवाज फार आवडला होता. पोटातल्या बाळाला आईच्या शरीराचा आवाज असाच ऐकू येत असेल, असं त्यांना वाटत होतं. मी लगेच हो म्हटलं. आपल्या गावचा डोंगर सुरतेतल्या न जन्मलेल्या मुलांपर्यंत पोचतोय, याचा मला अभिमान वाटला. ते मी नानांनाही सांगायचा प्रयत्न केला, त्यांच्या कानाशी वाकून. त्यांनी मान हलवली. काय कळलं कोण जाणे.

मी नेहमी हेडफोन लावूनच काम करायची, त्यामुळे नानांनी माझं काही ऐकण्याचा प्रश्नच आला नव्हता. एका रविवारी दुपारी हेडफोनची तार तुटली. तुकडा अर्धवट राहिला होता, म्हणून मी जुने स्पीकर कॉम्प्युटरला लावले. नाना दाराशी मेथी निवडत बसले होते. त्यांना काही त्रास होणार नाही, कारण त्यांना काही ऐकूच येणार नाही, असा माझा हिशेब.

थोड्या वेळाने मी मागे पाहिलं तर नानांच्या हातात मेथीची जुडी तशीच होती. ते मान वर करून बघत होते, भिंतीकडे, छताकडे, मग जिन्याकडे. मग त्यांनी विचारलं, "कोन कण्ही ऱ्हायनं?"

कोण कण्हतंय, असं ते विचारत होते. मला वाटलं खालच्या मजल्यावर कुणी आजारी असेल आणि मला ते संगीतात ऐकू आलं नसेल. मी आवाज बंद केला. बाहेर कुणी कण्हत नव्हतं. नाना म्हणाले, "थांबनं." थांबलं. मी पुन्हा लावलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं. पानं, घंट्या, कुऱ्हाड यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. सगळ्या बारीक आवाजांची चाळण होऊन त्यांच्या कानात फक्त तळातला माझा आवाज जात होता.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि कानाशी वाकून सांगितलं की कुणी कण्हत नाही, हा माझाच आवाज आहे, मी गाणं केलंय. आपल्या डोंगराचं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याशी काहीतरी वाईट वागले होते.

"तुनी माय अशीच कण्हे," ते म्हणाले.

मग नाना बोलत राहिले. बहिरी माणसं बोलतात तसे मोठ्याने, ओरडून. दार उघडं होतं. आमच्या मजल्यावरच्या चारही खोल्यांना माझ्या आईचं मरण माझ्याबरोबरच कळलं.

आई दवाखान्यात गेलीच नव्हती. ती घरीच अडली होती. गावाबाहेरचा नाला भरून चालला होता आणि जीप पलीकडे उभी होती. नाना आणि गावातले चार जण तिला खाटेवर घालून नाल्यापर्यंत घेऊन गेले, पाण्यात कमरेपर्यंत उतरले, आणि माघारी आले. पाणी थोडं उतरलंसं वाटलं म्हणून पुन्हा गेले, पुन्हा माघारी आले. सुईण होती, तिने हात टेकले. आई आधी ओरडायची. मग ओरडण्याइतका जीव राहिला नाही, तेव्हा नुसती कण्हायला लागली. आमचं घर गावाच्या कडेला, डोंगराच्या अगदी बुडाशी होतं. त्या कण्हण्याचा आवाज दरीत भरायचा आणि वर जायचा. नाना म्हणाले की गुरंसुद्धा चारा खात नव्हती. मला काही दिसू नये, ऐकू येऊ नये, म्हणून फुईकडे वर पाठवलं होतं. नाला उतरला तोवर आई गेली होती. पोटातला मुलगा पोटातच गेला होता.

मी विचारलं, मला दवाखाना का सांगितला? नानांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. ते म्हणाले, गावात राहिलो असतो तर मेलो असतो. रात्रंदिवस तोच आवाज यायचा. सुरतेला आलो, मागावर उभा राहिलो, तेव्हा बरं वाटलं. तिथं काहीच ऐकू यायचं नाही. इतर कारागीर कानात कापसाचे बोळे घालायचे, मी कधी घातले नाहीत.

हे सांगून झाल्यावर त्यांनी मेथीची जुडी उचलली आणि उरलेली निवडली. मी ती शिजवली. आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी फुईला फोन केला. ती आता फार थकली आहे, तिच्या नातवाने फोन तिच्या कानाशी धरला होता. मी तिला एवढंच विचारलं की मी वर तुझ्याकडे होते तेव्हा खालून आवाज येत होता तो आईचा होता का. मग ती म्हणाली, "तू धाकली व्हती. तुले काय सांगतू मी?" तिला काय दोष द्यायचा? तिची भावजय खाली मरत होती आणि भाची मांडीवर बसून विचारत होती. मला तरी दुसरं काय सुचलं असतं?

त्या आठवड्यात माझ्या हातून कामात चुका झाल्या. मी घरी तो तुकडा उघडून तळातला आवाज काढून पाहिला. उरलेलं सगळं पोकळ वाजत होतं. वर्तमानपत्र वर्तमानपत्रासारखं, किल्ल्या किल्ल्यांसारख्या. मला मनापासून वाटत होतं की मी डोंगर केला आहे. डोंगर कुठं नव्हताच. आईचं कण्हणं होतं, आणि त्याच्याभोवती मी केलेले बारीकसारीक आवाज. आणि ते कण्हणं मी माझ्याच घशातून काढलं होतं. मुलीचा घसा आईवर गेला असणार. म्हणून तर नानांनी ते लगेच ओळखलं.

मग मला अडाजणच्या त्या वर्गाची आठवण झाली.

अर्धा दिवस रजा टाकून मी बीआरटीएसच्या बसने तिकडे गेले. वर्ग एका सोसायटीत तळमजल्यावर होता. दारात चपला रांगेत लावलेल्या होत्या. आत पडदे ओढलेले, उदबत्ती लावलेली, आणि चटयांवर सात-आठ मुली कुशीवर निजलेल्या. प्रत्येकीच्या पायांत उशी, हात पोटावर, डोळे मिटलेले. आणि तो आवाज. माझ्या कॉम्प्युटरवर वाजायचा त्यापेक्षा कितीतरी चांगला, कारण त्यांचे स्पीकर मोठे होते. चढत होता, थांबत होता. एका मुलीचा श्वास अगदी त्याच्याबरोबर चालला होता, आवाज चढला की ती श्वास घ्यायची.

बाईंनी मला ओळखलं आणि हसून बसायची खूण केली. मी बसू शकले नाही. त्यांना हाताला धरून बाहेरच्या खोलीत आणलं आणि जे होतं ते सांगितलं. माझी गुजराती मोडकीतोडकी आहे, मध्येच हिंदीत गेले, मध्येच मराठीत, पण त्यांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या आत गेल्या आणि त्यांनी आवाज बंद केला. मुलींनी डोळे उघडले. दाराच्या सर्वांत जवळ होती ती, फार तर विशीची, कोपरावर टेकून उठली आणि म्हणाली, "केम बंध कर्युं, बेन? सारुं लागतुं हतुं." का बंद केलंत, चांगलं वाटत होतं.

बाईंनी तिला सांगितलं की मशीन बिघडलं. मी तिथून निघाले. बाहेर मला वाटत राहिलं की त्या मुलींना काही बाधेल की काय. मी असलं काही मानत नाही, तरी मनातून गेलं नाही. पुढे बाईंचा फोन आला नाही आणि मीही केला नाही. त्या मुलींचं कसं झालं, मला ठाऊक नाही. सगळं नीट झालं असेल. हल्ली दवाखाने जवळ असतात.

इंटरनेटवरचे सगळे तुकडे मी काढून टाकले. काही जणांनी विचारलं, आम्हाला त्याशिवाय झोप येत नाही, परत टाका. मी परत टाकले नाहीत. कॉम्प्युटरमधूनही पुसून टाकायचं होतं. एक दिवस सुट्टी होती, जेवणं आटोपली होती, आणि मी ते पुसायलाच बसले होते. नाना मागे येऊन उभे राहिले. त्यांना पडद्यावरचं वाचता येत नाही, पण मी काय करते आहे ते त्यांना कळलं असावं. त्यांनी स्पीकरकडे बोट दाखवलं आणि हाताने खूण केली. खात्यात माग चालू कर म्हणून करायचे ती.

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा तीच खूण केली.

मी लावलं. ते खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसले, मान खाली घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. माझ्याशी ते दिवसभरात चार शब्द बोलत असतील, त्यातले दोन त्यांना स्वतःलाच ऐकू येत नाहीत. घरातला, रस्त्यावरचा, देवळातला कोणताच आवाज आता त्यांच्यापर्यंत नीट येत नाही. हा एक येत होता. तुकडा संपेपर्यंत ते हलले नाहीत. रडले वगैरे काही नाहीत.

संपल्यावर मी त्यांच्या कानाशी वाकले. मला कितीतरी दिवस एक गोष्ट विचारायची होती. मी म्हटलं, नाना, आई एरवी कशी बोलायची? साधी, रोजची. मला हाक मारायची, तुमच्यावर रागवायची, तेव्हा तिचा आवाज कसा होता?

त्यांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून, एकदा ओठ हलवून, जसं एखादं नाव जिभेवर येत असावं. मी वाट पाहिली. खालून भाजीवाल्याची हाक येऊन गेली, ती मलाच ऐकू आली.

"ध्यानमा नही," ते म्हणाले. लक्षात नाही. आणि मग स्पीकरकडे बघून, "हाऊच ऱ्हायना."

हाच राहिला. मी ते पुसलं नाही. सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की नाना खुर्ची ओढतात, मी ते चालू करून देते आणि खाली जाऊन बाकावर बसते. बाकावरून आमची खिडकी दिसते. संपायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, तेवढा गेला की वर जाते.